शिरगावची टिपणं : रस्ता, फ्रेम आणि किंमत

मावळातल्या शिरगावात प्रति शिर्डीच्या देवळाकडे जाताना हार, नारळ, पेढे, खडीसाखर यांच्या जोडीला फ्रेम केलेले साईबाबा विकायला असतात. तळहाताएवढ्या फोटोपासून ते दोघांनी मिळून उचलावा एवढ्या फोटोपर्यंत. गुरुवारी, रविवारी गर्दी वाढली की या दुकानांपुढे थांबलेल्या माणसांकडे बघत राहावं. बाई फ्रेम हातभर लांब धरते, मान जरा तिरकी करते आणि नवऱ्याला विचारते, ‘हॉलमध्ये लावायचा का देवघराशेजारी?’ त्याला सोनेरी चौकट नको असते. सासूबाईंचं म्हणणं, बाबांची नजर सरळ आपल्याकडे हवी. बराच खल होतो आणि शेवटी एक फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत जातो.

फोटो विकत घ्यायची आपल्या लोकांना सवय नाही, असं कलेच्या वर्तुळात सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. सवय आहे आणि पारखही आहे. घरातली भिंत, तिच्यावर पडणारा उजेड, जाता-येता कुणाची नजर जाणार, हे सगळं मनात धरून निवड होते. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच दुकानाबाहेर टोपलीत गुलाब घेऊन बसलेल्या बाईचा फोटो याच माणसांना घ्यावासा वाटेल का? वाटावा असं असेल तर तो त्यांच्यापुढे कुठे आणि कसा ठेवायचा? खालची टिपणं या प्रश्नाच्या मागे जाताना झालेली आहेत.

*

फ्रेमच्या दुकानातून गॅलरी उभी राहिल्याचा दाखला मुंबईत आहे. केकू गांधी यांचा १९४० च्या दशकात फ्रेमच्या पट्ट्या बनवण्याचा व्यवसाय होता. ‘केमिकल मोल्डिंग’चं ‘केमोल्ड’ झालं. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या शोरूममध्ये फ्रेमबरोबर त्यांनी हुसेन, आरा, हेब्बर अशा तेव्हाच्या चित्रकारांची चित्रंही मांडायला सुरुवात केली. रिकाम्या चौकटीकडे कोण बघणार? चौकट विकायची तर आत चित्र हवं. हळूहळू लोक चित्रासाठी थांबू लागले. १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. २००७ मध्ये ती प्रेस्कॉट रोडवर गेली आणि २०१७ मध्ये तिथे सूनी तारापोरवाला यांच्या मुंबईच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. १९७६ पासूनच्या चाळीस वर्षांतलं शहर त्यात होतं.

आधुनिक भारतीय चित्रांचा एक मोठा गिऱ्हाईकवर्ग असा फ्रेमवाल्याच्या काचेपुढे घडला. शिरगावच्या फ्रेमवाल्याकडेही काच आहे आणि तिच्यापुढून दर आठवड्याला जाणारी माणसं कुठल्याही गॅलरीला हेवा वाटावा एवढी आहेत.

*

तळेगावातून लोणावळ्याकडे लोकल पकडली की वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. कार्ल्याच्या लेण्यांसाठी लोक इथे उतरतात. राजा रविवर्मा यांचा छापखाना याच मळवलीला होता, हे उतरणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना काही वर्षांनी इथे आणला गेला आणि पुढे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि त्यातून निघणारी लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला. १९७२ च्या आगीत तो छापखाना जळाला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते आणि त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा कारखानाही काढला होता.

चित्र राजवाड्याच्या भिंतीवरून उतरून चाळीतल्या खोलीत गेलं, ते या छापखान्यामुळे. मूळ तैलचित्र एकाच घरी आणि त्याची छापील प्रत हजारो घरी. मावळच्या मातीत चित्रविक्रीचं हे गणित सव्वाशे वर्षांपूर्वी मांडून झालेलं आहे. रस्त्यावरच्या फोटोंची विक्री हा विषय मुंबईहून इथे आयात करण्याची गरज नाही.

*

मराठी घरात भिंतीवर कुणाचा फोटो लागतो? देवाचा, संतांचा. शिवाजी महाराजांचा, बाबासाहेबांचा. घरातल्या गेलेल्या माणसाचा. लग्नाचा आणि मुलांच्या वाढदिवसाचा. जिवंत माणसाचा एकट्याचा मोठा फोटो लावायला जुनी माणसं आजही कचरतात, कारण तसा फोटो हाराची आठवण करून देतो.

या यादीत अनोळखी माणसाला जागा नाही. सोमाटणे फाट्यावर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणारा मुलगा, पावसात घोंगडं पांघरून म्हशीमागे चाललेला म्हातारा, देवळाबाहेर चपला सांभाळणारी पोर. असा फोटो घरात लावला की पाहुणा विचारणारच, ‘हे कोण?’ आणि ‘माहीत नाही’ म्हणायला यजमानाला अवघड वाटतं.

म्हणून फोटोखालच्या ओळीला मी फार मानते. ‘शीर्षकहीन, क्रमांक ७’ असं लिहून हा प्रश्न सुटत नाही. ‘सोमाटणे फाटा, पहिल्या पाळीची बस, जानेवारी’ एवढं लिहिलं तरी यजमानाला बोलायला जागा मिळते. गावाचं नाव, वेळ, काम. माणसाचं नाव मात्र त्याने सांग म्हटलं तरच.

*

गावात माणसांचे सर्वांत मोठे फोटो कुठे दिसतात? फ्लेक्सवर. चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली शुभेच्छुकांचे छोटे चेहरे ओळीनं. दहा-दहा फुटांचे हे फोटो कुणी विकत घेत नाही, तरी सगळे पाहतात, त्यांवर बोलतात आणि आपला चेहरा कुठे लागलाय हे बारकाईनं तपासतात.

म्हणजे रस्त्यावर मोठा चेहरा लागणं हा मान आहे, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तो मान ज्यांच्या वाट्याला कधी येत नाही, त्यांचे फोटो मोठे करून लावायचे, हे माझ्या मनातलं प्रदर्शन.

*

रस्त्यावर काढलेला फोटो गॅलरीत लागला की त्याचं काय होतं? पहिलं म्हणजे आवाज जातो. हॉर्न, आरती, विक्रेत्याची हाळी, काही उरत नाही. मग वास जातो. उरतात रेषा, उजेड आणि माणसाच्या अंगाचा ताण. डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईची मान रस्त्यावर आपण पाहत नाही, ओझं पाहतो. भिंतीवर वीस इंचांच्या प्रिंटमध्ये मानेची शीर दिसते.

हे होत असेल तरच तो फोटो भिंतीवर न्यायला अर्थ आहे. मोबाइलवर अंगठ्याखालून निसटून जाणाऱ्या चित्राला थांबवणं हे गॅलरीचं खरं काम. रघु राय यांचा चर्चगेट स्टेशनवरचा १९९५ चा फोटो घ्या. गर्दी वाहत्या पाण्यासारखी पुसट झालेली आणि मधोमध वर्तमानपत्र वाचणारी माणसं स्थिर. मोबाइलवर ती एक युक्ती वाटते. मोठ्या प्रिंटपुढे उभं राहिलं की मुंबईकर रोजच्या रोज स्वतःपुरती जागा कशी राखतो, ते कळतं.

*

या वाटेवरची माणसं आठवतात ती अशी.

होमाई व्यारावाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईचं रोजचं जगणं, जे. जे.तल्या मैत्रिणी त्यांनी टिपल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या नावानं छापून येत. २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला दालनाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन केलं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती.

रघुवीर सिंह. इतर थोर छायाचित्रकार काळ्या-पांढऱ्यात काम करत होते, तेव्हा भारताचा रस्ता रंगाशिवाय खरा होत नाही, असं मानणारा माणूस. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ चं.

केतकी शेठ. ‘बॉम्बे मिक्स’ हे मुंबईच्या रस्त्यांवरच्या फोटोंचं पुस्तक २००७ चं. काळं-पांढरं.

संदेश भांडारे. वारी आणि तमाशा हे दोन विषय वर्षानुवर्षं धरून ठेवणारे मराठी छायाचित्रकार. तमाशाच्या फडाबरोबर राहून केलेलं त्यांचं काम ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात आहे. कनातीमागचा थकवा त्या फोटोंत दिसतो.

सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांचे फोटो देशात आणि परदेशात लागले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेला माणूस गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर आला की बघणाऱ्याला मान वळवता येत नाही. फोटो विकला जावो न जावो, त्याचं काम तिथेच सुरू होतं.

*

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. प्रवेश फुकट. मंगळवारी प्रदर्शन लागतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. कलाकार तो आठवडा भाड्यानं घेतो आणि तारखेसाठी काही वर्षं वाट बघतो. गच्चीवरचं छोटं दालन खास फोटोंसाठी. बाहेर काळा घोड्याच्या फूटपाथवर कलाकार आपली चित्रं रेलिंगला लावून विकतात. आत आणि बाहेर यांत जेमतेम दहा-वीस पावलं आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक पुष्कळदा एकच.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन ही सामान्य माणसाची दालनं. नाटकाच्या तिकिटाच्या रांगेतून माणूस सहज आत डोकावतो. असा पाहणारा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

खासगी गॅलरीचा हिशेब निराळा. जागा, दिवे, निमंत्रणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे सगळं ती करते आणि विक्रीच्या रकमेतले साधारण तीस ते पन्नास टक्के ठेवते. नवख्याला हा आकडा ऐकून राग येतो. चांगली गॅलरी त्या पैशात एक गोष्ट देते जी भाड्याचा हॉल देत नाही : तुमच्या कामाची वर्षानुवर्षं आठवण ठेवणारं माणूस.

*

आवृत्तीचा हिशेब, प्रथमच प्रदर्शन करणाऱ्यांसाठी.

एका फोटोच्या किती प्रती काढणार हे विक्रीच्या आधी ठरवायचं. दहा म्हणजे दहा. प्रत्येक प्रतीच्या मागे किंवा खालच्या कडेला पेन्सिलीनं ३/१० असा क्रमांक, सही, फोटो काढल्याचं वर्ष आणि प्रिंट काढल्याचं वर्ष. स्वतःसाठी एक-दोन जादा प्रती ठेवता येतात, त्यांना ‘आर्टिस्ट प्रूफ’ म्हणतात. पण त्याही मोजून आणि जाहीर करून. पहिल्या काही प्रती गेल्या की उरलेल्यांची किंमत वाढवायची, ही रीत आहे. प्रत्येक विक्रीची नोंद वहीत.

आकार बदलला की नवी आवृत्ती, असं पुष्कळ जण करतात. हरकत नाही, पण तेही पहिल्या दिवशीच सांगायचं. सोळा बाय चोवीसच्या दहा प्रती विकून झाल्यावर दोन वर्षांनी तोच फोटो वीस बाय तीसमध्ये बाजारात आणणं म्हणजे पहिल्या दहा जणांचा विश्वास मोडणं.

मर्यादित आवृत्ती आणि खुली आवृत्ती एकाच वेळी चालू शकतात, असं माझं ठाम मत आहे. मोठे, क्रमांकाचे, थोडे प्रिंट संग्राहकासाठी. लहान, बिनक्रमांकाचे, हवे तेवढे प्रिंट शेजाऱ्यासाठी. मळवलीच्या छापखान्यानं दुसरी वाट दाखवली, मुंबईच्या गॅलऱ्यांनी पहिली. रस्त्यावरच्या फोटोला दोन्ही लागतात. नुसती पहिली धरली तर फोटोतली माणसं तो फोटो कधीच घेऊ शकणार नाहीत. नुसती दुसरी धरली तर पुढच्या कामाला पैसा उभा राहणार नाही.

*

छपाईचं साधं गणित. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २० इंच बाय १३ इंच नीट निघतो. इंचाला २०० धरले तर ३० बाय २०. भिंतीवरचा फोटो हातभर अंतरावरून पाहतात, त्यामुळे दुसराही आकडा चालतो. फोटो अंधारात काढला असेल तर मात्र मोठं करताना जपावं.

कागद शंभर टक्के कापसाचा, आम्ल नसलेला. शाई रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची. माउंटही आम्लमुक्त. सनबोर्डवर चिकटवलेले फोटो तीन दिवसांच्या शाळेच्या प्रदर्शनाला ठीक आहेत. पैसे घेऊन विकायचा फोटो कायमचा चिकटवू नये. उद्या फ्रेम बदलायची झाली तर तो सुटला पाहिजे.

*

मावळात फ्रेम करताना पाऊस आधी लक्षात घ्यावा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शिरगाव-तळेगावकडे तो बराच कमी, पण जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडे ओलसर लागतात तेवढी दमट हवा इथेही असते.

काच फोटोला कधीही टेकू देऊ नये. टेकली की ओल धरते, फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर निघतो. मध्ये जाड माउंट किंवा पट्टी हवीच. मागचा एमडीएफ फुगतो, त्यावर बुरशी येते, म्हणून मागून कडा टेपने बंद कराव्यात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या लावल्या की भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा खेळते. पावसाळ्यात ज्या भिंतीला बाहेरून ओल येते तिच्यावर फोटो लावू नका, हे गिऱ्हाइकाला बिलाबरोबर लिहून द्यावं. फोटो विकणाऱ्याची जबाबदारी पैसे मिळाल्यावर संपत नाही.

उजेडाचंही तेच. संग्रहालयं फोटोंवर साधारण ५० ते १०० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवतात. घरात एवढं कुणी मोजणार नाही. ऊन थेट पडेल अशा भिंतीवर लावू नका, एवढं सांगितलं तरी फोटोचं आयुष्य वाढतं.

*

फ्रेमच्या दुकानाबाहेरच्या त्या गुलाबवाल्या मावशींनी एकदा विचारलं होतं, ‘ताई, तुम्ही एवढं फोटो काढता, त्याचं पुढं काय करता?’ मी म्हटलं, ‘प्रदर्शन लावायचा विचार आहे, मावशी.’ त्या म्हणाल्या, ‘मग मला घरी न्यायला मिळंल का येक?’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

रस्त्यावरच्या फोटोंच्या सगळ्या नीतीचा गाभा या प्रश्नात आहे, असं मला वाटतं. फोटो काढला जाण्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. फोटो फक्त जाईल आणि परत येणार नाही, ही शंका होती.

*

फिलिप-लॉर्का डिकोर्शिया या अमेरिकी छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर लांबून, लपवलेल्या फ्लॅशच्या उजेडात, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले. २००१ मध्ये त्यांचं गॅलरीत प्रदर्शन झालं आणि एकेक प्रिंट हजारो डॉलरना विकला गेला. त्यातल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी दावा लावला : माझी परवानगी नाही, माझ्या धर्मसमजुतीलाही हे धरून नाही. २००६ मध्ये न्यायालयाचा निकाल छायाचित्रकाराच्या बाजूनं लागला. कला ही अभिव्यक्ती आहे, थोड्या प्रती विकल्या म्हणून ती जाहिरात किंवा व्यापारी वापर ठरत नाही, असा त्याचा आशय.

निकाल कायद्यानं बरोबर असेल. माझं मन त्या गृहस्थांकडे जातं. जिंकलेल्या बाजूला त्यांच्या घरी जाऊन फोटो दाखवण्यापासून कुणी अडवलं होतं?

*

आपल्याकडे सार्वजनिक जागी माणसाचा फोटो काढायला सरसकट मनाई नाही. पण २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, हे विसरून चालत नाही.

मुलांच्या बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, त्याचा फोटोही प्रसिद्ध करता येत नाही. रस्त्यावर राहणारं किंवा भीक मागणारं मूल या व्याख्येत येतं. देवळाबाहेर हात पसरणाऱ्या मुलाचे डोळे हा रस्त्यावरच्या फोटोंतला सर्वांत खपणारा विषय आहे. तो मी काढत नाही. कायदा नसता तरी काढला नसता, कारण त्या मुलाला ‘नको’ म्हणायची ताकदच नसते आणि जिथे नकार शक्य नाही तिथे होकाराला किंमत नाही.

*

विकत घेणाऱ्याला काय मिळतं? प्रिंट मिळतो. कॉपीराइट मिळत नाही. तो प्रिंट भिंतीवर लावता येतो, भेट देता येतो, पुन्हा विकता येतो. त्यावरून कॅलेंडर, टी-शर्ट, हॉटेलची जाहिरात करता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. हे बिलावर मराठीत छापावं. भांडणं बहुधा न लिहिलेल्या ओळींवरून होतात.

एक त्रुटी बोचते. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ नुसार दहा हजार रुपयांवर पुनर्विक्री झाली तर मूळ चित्र, शिल्प, रेखाटन यांच्या कर्त्याला वाटा मिळू शकतो. त्या यादीत फोटो नाही. आणि फोटोत ज्याचा चेहरा आहे तो माणूस तर या कायद्याच्या कुठल्याच हिशेबात येत नाही. म्हणून तो हिशेब आपणच आपल्या वहीत मांडायचा.

*

हेलन गी या बाईंनी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘लाइमलाइट’ नावाचं कॉफीघर काढलं आणि आतल्या एका भागात फोटोंची गॅलरी चालवली. फोटो विकत घ्यायची रीत तेव्हा तिथेही नव्हती. आज संग्रहालयं ज्यांच्यासाठी मोठ्या रकमा मोजतात त्यांचे फोटो तिथे लागत आणि विक्री तुटपुंजी होई. दुकान कॉफीवर चाले. १९६१ पर्यंत ते चाललं आणि फोटोला भिंतीवर पाहायची सवय त्यानं एका पिढीला लावली.

ढाक्यात ‘छोबी मेला’ या छायाचित्र महोत्सवात सायकल-रिक्षाच्या गाड्यांवर फोटो लावून गल्लीगल्लीतून फिरवले गेले. ज्यांचा रस्ता, त्यांच्या रस्त्यावरून.

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर दयानिता सिंह यांनी आपली ‘सेंट अ लेटर’ ही छोटी घडीपुस्तकं एका सराफाच्या दुकानाच्या काचेत मांडली. जाणारा-येणारा थांबून बघायचा.

तिन्हींचं सांगणं एकच. फोटोसाठी माणसं गोळा करत बसू नये, माणसं जिथे आहेत तिथे फोटो न्यावा.

*

शिरगावात जागा कोणती? गॅलरी नाही, म्हणून काम अडत नाही. शाळेचा हॉल सुट्टीत मोकळा असतो, पण भिंतींवर सुविचार आणि नकाशे आहेत, ते उतरवू नयेत. मंगल कार्यालय बिगरमुहूर्ताच्या दिवसांत परवडतं, पण झुंबरं आणि आरसे डोळ्यांत येतात. गावातलं समाजमंदिर सर्वांत योग्य. चपला बाहेर काढून सगळ्या आळ्यांतली माणसं तिथे संकोच न करता येतात. भिंतीला खिळे मारायचे नाहीत. बांबूच्या चौकटी उभ्या करून त्यांवर तार आणि तारेला फ्रेम. सतरंजी अंथरायची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बसून पाहता येईल. शहरातल्या गॅलऱ्या फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, तो उभ्या प्रौढ माणसाच्या नजरेचा हिशेब. मी काही फोटो मुद्दाम बरेच खाली लावणार, मुलांसाठी आणि बसणाऱ्यांसाठी.

तारीख गुरुवारला धरून. देवळात आलेला पाहुणा आणि गावातला माणूस एकाच फोटोपुढे उभे राहिले पाहिजेत. पाहुणा ‘हे कोण?’ म्हणेल आणि गावातला माणूस सांगेल.

*

विषयांची निवड करताना देऊळ हवं, पण फक्त देऊळ नको. मावळ आज एका अंगानं भात लावतो, दुसऱ्या अंगानं पॉलिहाऊसमध्ये गुलाब फुलवतो आणि तिसऱ्या अंगानं तळेगावच्या एमआयडीसीत पाळ्या करतो. एक्स्प्रेसवेवरून मुंबईची माणसं पाऊस बघायला येतात. गहुंज्याच्या स्टेडियमवर सामना असला की सगळा रस्ता निळा होतो. आषाढी वारीच्या आधी देहूकडे जाणाऱ्या दिंड्या दिसतात. या सगळ्यांचे रस्ते एकमेकांना जिथे कापतात तिथे उभं राहायचं.

धुकं, किल्ले, धबधबे यांचे फोटो सहज विकले जातील, हे मला ठाऊक आहे. ते काढणारे पुष्कळ आहेत आणि छान काढतात. रस्त्यावरच्या माणसाच्या फोटोला गिऱ्हाईक तयार करावं लागतं आणि ते तयार करणं हा कामाचाच भाग आहे.

*

दरपत्रक आणि अटी, समाजमंदिराच्या दारावर मोठ्या अक्षरात लावायच्या.

मोठा प्रिंट, सोळा बाय चोवीस, क्रमांकासह, दहा प्रती. किंमत फोटोशेजारी लिहिलेली. कुजबुजत सांगायची नाही, माणूस बघून बदलायची नाही.

छोटा प्रिंट, आठ बाय बारा, खुली आवृत्ती, फ्रेमसकट. किंमत देवळाबाहेर मिळणाऱ्या साईबाबांच्या मध्यम फ्रेमएवढी. त्याची फ्रेमही तिथल्याच फ्रेमवाल्याकडून आणि त्याच्या दुकानाच्या काचेत यांतला एक फोटो वर्षभर.

फोटोत ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक प्रिंट, फ्रेम करून, प्रदर्शनाआधी घरपोच. विकत नाही, भेटही नाही. तो त्यांचा हक्क.

मोठ्या प्रिंटच्या प्रत्येक विक्रीत खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतला चौथा हिस्सा फोटोतल्या माणसाचा. अनेक माणसं असतील तर वाटून. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांचा फोटो लागेल, पण विकला जाणार नाही.

पहिला दिवस शिरगावकरांचा. त्या दिवशी विक्री बंद. ज्याला आपला फोटो भिंतीवर नको वाटेल त्याने सांगावं, कारण विचारलं जाणार नाही, फोटो तिथल्या तिथे उतरेल. उरतील तेवढे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळपासून विकायला.